तालुक्याची सरासरी ५.७३ आली? चलांचा घोळ कुठे होतो आणि कसा निस्तरायचा

प्रकल्प अहवालातला पहिलाच तक्ता: तालुका, सरासरी ५.७३, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) ३.०२. खाली लिंग, सरासरी १.४१. त्याखाली पिनकोड, सरासरी ४१३१६२.८४. सगळं दोन दशांशांपर्यंत, चौकटीत, ठळक अक्षरांत. बी.कॉम. घ्या, एम.एस.डब्ल्यू. घ्या, बी.एड. घ्या, जमा करायची तारीख जवळ आली की सोलापुरातली पोरं असे तक्ते घेऊन शिकवणाऱ्यांच्या, झेरॉक्सवाल्यांच्या आणि थोरल्या भावंडांच्या मागे लागतात. तक्रार एकच: "सर म्हणाले टेबल चुकलंय, पण काय चुकलंय ते सांगितलं नाही."

काय चुकलंय ते बघू. तालुक्यांना अकारविल्हे क्रमांक दिलेले असतात. अक्कलकोट १, उत्तर सोलापूर २, करमाळा ३, दक्षिण सोलापूर ४, पंढरपूर ५, बार्शी ६, मंगळवेढा ७, माढा ८, माळशिरस ९, मोहोळ १०, सांगोला ११. आता ५.७३ म्हणजे पंढरपूर आणि बार्शी यांच्या मध्ये कुठेतरी. नकाशात तिथे येते कुर्डुवाडी. आणि कुर्डुवाडी आहे माढा तालुक्यात, ज्याचा क्रमांक आठ! संगणकाने कुरकूर केलेली नसते, कारण त्याला ते तालुके आहेत हे ठाऊकच नाही. १ ते ११ आकडे दिले, त्याने बेरीज करून भागलं.

शंका आली तर एक सोपी तपासणी आहे. क्रमांक उलटसुलट करा. सांगोल्याला १ द्या, अक्कलकोटला ९, बार्शीला ४, आणि सरासरी पुन्हा काढा. उत्तर बदललं, पण एकाही विद्यार्थ्याने बिऱ्हाड हलवलेलं नाही, तर ती सरासरी तुमच्या क्रमांकांची होती, माणसांची नव्हती. तो तक्ता काढून टाका. त्या जागी प्रत्येक तालुक्यातून किती जण आणि शेकडा किती, एवढंच द्या. सर्वांत जास्त जण कुठून आले हे सांगायचं असेल तर त्याला बहुलक म्हणतात, आणि तालुक्याच्या बाबतीत मध्यवर्ती म्हणता येईल असं तेवढंच निघतं.

हा घोळ दरवर्षी त्याच जागी होतो, कारण पोरं तो विश्लेषणाच्या वेळी सोडवायला बसतात. चल म्हणजे माणसागणिक बदलणारी आणि रकान्यात नोंदवलेली गोष्ट: वय, तालुका, उत्पन्न. चलाचा प्रकार ठरतो विश्लेषणाच्या कितीतरी आधी, प्रश्नावली लिहिताना. वय विचारताना तुम्ही मोकळी जागा सोडली की चार चौकटी काढल्या, इथेच पुढचं सगळं ठरून जातं. एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मेझर'च्या, म्हणजे प्रकार निवडायच्या, रकान्यात नंतर काहीही निवडलं तरी माणसाने जे सांगितलंच नाही ते परत येत नाही.

चार प्रश्न, आणि प्रकार सापडला की थांबायचं

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली 'सायन्स' या नियतकालिकात मोजपट्टीचे चार प्रकार मांडले. नॉमिनल, ऑर्डिनल, इंटरव्हल, रेशो. मराठी पुस्तकांत नामश्रेणी, क्रमश्रेणी, अंतरश्रेणी, गुणोत्तरश्रेणी अशी नावं भेटतात. सगळ्यांना ही पाठ असतात. पाठ असून उपयोग होत नाही, कारण आपल्या रकान्याला कोणतं लागतं ते यादी सांगत नाही. म्हणून रकान्यापुढे बोट ठेवून विचारा.

दोन नोंदी वेगळ्या आहेत, याखेरीज काही सांगता येतं का? येत नसेल तर नामश्रेणी. त्यांत खालचा-वरचा लावता येतो का? येत असेल, पण दोन पायऱ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं आहे अशी खात्री नसेल, तर क्रमश्रेणी. अंतर सारखं आहे, पण शून्य कुणीतरी सोयीने ठरवलंय? अंतरश्रेणी. आणि शून्य म्हणजे खरोखरच काही नाही, म्हणून 'दुप्पट', 'निम्मं' म्हणता येतं? गुणोत्तरश्रेणी.

एसपीएसएस शेवटच्या दोघांना 'स्केल' या एकाच नावाखाली घालतं, आणि जामोवी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यालाच 'कंटिन्युअस' दिसेल. त्यामुळे पोरांना वाटतं की तिसऱ्या-चौथ्यातला फरक परीक्षेपुरताच आहे. तो तसा नाही, हे पुढे उजनी धरणाच्या उदाहरणाकडे गेल्यावर कळेल.

जाताजाता दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवा. स्वतंत्र चल (ज्याचा परिणाम बघायचा ते) आणि परतंत्र चल (ज्यावर परिणाम होतो ते) हे प्रकार नव्हेत, त्या भूमिका आहेत. तेच वय एका प्रकल्पात स्वतंत्र असतं, दुसऱ्यात परतंत्र. प्राथमिक आणि दुय्यम डेटा म्हणजे तो कुठून आणला. 'चलांचे प्रकार' या मथळ्याखाली या तिन्ही गोष्टींची एकत्र खिचडी केलेले अहवाल भरपूर सापडतात.

आकडा दिसतो, पण नाव असतं

४१३००१ हा सोलापूरचा पिनकोड, ४१३३०४ पंढरपूरचा. वजाबाकी ३०३. हे किलोमीटर नव्हेत, मिनिटं नव्हेत, काहीच नव्हे. पिनकोडमधला पहिला अंक टपाल विभाग सांगतो, पुढचे अंक त्याहून बारीक वाटण्या. गाडीवरचा एमएच-१३ आणि अकलूजचा एमएच-४५ यांतही तसंच. शहराचा दूरध्वनी संकेतांक ०२१७ एक्सेलमध्ये टाकून बघा, तो २१७ होतो. सुरुवातीचं शून्य गेलं, कारण एक्सेलला ती संख्या वाटली, आणि संख्येपुढच्या शून्याला किंमत नसते. शून्य गेल्यावर ज्याचं काही बिघडतं ते नाव समजा. असे रकाने आधीच 'टेक्स्ट' करून ठेवावेत.

इथवर बहुतेकांना पटतं. खरी गंमत सुताच्या गोदामात होते. यंत्रमागावर प्रकल्प करणारी पोरं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जाऊन नोंदवहीवरून दोन रकाने उतरवून आणतात: शेड नंबर आणि सुताचा नंबर. दोन्ही नंबर, दोन्ही दोन-तीन अंकी, म्हणून दोघांना एकच वागणूक. शेड नंबर हा रंगाच्या कार्डावरचा क्रमांक. ११२ हा ५६ च्या दुप्पट लाल नसतो. ते नाव आहे. पण सुताचा नंबर, म्हणजे काउंट, हे रीतसर मोजमाप आहे: एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लड्या भरतात. २० काउंटच्या पौंडात १६,८०० यार्ड, ४० काउंटच्या पौंडात ३३,६००. म्हणजे ४० नंबर हा २० पेक्षा दुप्पट बारीक, आणि इथे 'दुप्पट' म्हणायला पूर्ण मुभा आहे. गुणोत्तरश्रेणी.

तरीसुद्धा काउंटची सरासरी डोळे झाकून काढायची नाही. २० आणि ४० चे दोन धागे एकत्र पिळले तर नवा धागा ३० चा होत नाही. हिशेब करा: ३३,६०० यार्ड लांबीला २० चा धागा दोन पौंड, ४० चा एक पौंड. मिळून तीन पौंडांत ३३,६०० यार्ड, म्हणजे पौंडाला ११,२०० यार्ड, भागिले ८४०, उत्तर १३.३३. दोन्हींपेक्षा जाड, आणि का नसावा, दोन धागे एकत्र आलेत. मागावर बसणाऱ्या माणसाला हे न सांगता कळतं. तक्ता करणाऱ्याला कळत नाही. प्रकार बरोबर ओळखल्यावरही आकडा कशाला कशाने भागून आला हे बघावं लागतं, आणि पाठ्यपुस्तकं या पायरीवर फारशी थांबत नाहीत.

रकाना संख्येचा आहे, तरी सरासरी येईना

हा दोष वेगळा, पण घेऊन येणारी पोरं तीच. वयाच्या रकान्यात कुणी '३५' लिहिलंय, कुणी '३५ वर्षे'. उत्पन्नात कुणी '१२०००', कुणी '१२००० रु.'. माणसाला दोन्ही सारखंच. एक्सेलला पहिली संख्या आणि दुसरा मजकूर. सगळाच रकाना मजकूर असेल तर 'अ‍ॅव्हरेज' शून्याने भागल्याची चूक दाखवतं, तेव्हा निदान कळतं तरी. घातक प्रकार असा, की ९० पैकी २० नोंदींना 'वर्षे' चिकटलेलं असतं. मग उरलेल्या ७० चीच सरासरी येते, सूचना काहीही नाही, आणि अहवालात मात्र नमुना ९० चा लिहिलेला.

शोधायचं कसं? रकान्याला डावी-उजवी कड लावलेली नसेल तर संख्या उजवीकडे सरकतात, मजकूर डावीकडे राहतो; नजर फिरवली की दिसतं. आणखी पक्कं करायचं तर त्याच रकान्यावर 'काउंट' आणि 'काउंट-ए' दोन्ही चालवा. पहिलं फक्त संख्या मोजतं, दुसरं रिकामी नसलेली प्रत्येक खोली. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तेवढ्या नोंदी मजकूर आहेत. गूगल फॉर्म वापरत असाल तर छोट्या उत्तराच्या प्रश्नाला 'रिस्पॉन्स व्हॅलिडेशन' लावून फक्त संख्या घ्यायची सोय आहे. ती लावा, म्हणजे हा प्रश्न उगमालाच मिटतो.

गट लिहिताना आणखी एक खड्डा आहे. '५-१०' किंवा '१०-१२' असं टाकलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. 'ते' शब्द घालून '५ ते १०' लिहा. पण मग क्रम लावताना '१० ते २०' हे '५ ते १०' च्या आधी येईल, कारण मजकूर अक्षरवारीने लागतो, आणि १ हा ५ च्या आधी. आलेखात उत्पन्नाचे गट पुढेमागे झालेले दिसतात ते यामुळे. गटांना १, २, ३, ४ असे क्रमसंकेत द्या आणि नावं सोबतच्या लेबलमध्ये ठेवा.

उजनी वजा झालं की टक्केवारी का बिघडते

पाण्यावर प्रकल्प नाही असा वर्ग सोलापुरात सापडणं अवघड. वर्तमानपत्रांतून उजनीची टक्केवारी उतरवून काढायची, महिन्यामागे वाढ किती, घट किती ते मांडायचं. पावसाळ्याच्या तोंडावर तक्ता वेडा होतो. साठा वजा ५ वरून अधिक ५ वर आला, म्हणजे पाणी वाढलं. पण वाढीचं सूत्र लावलं की उत्तर येतं वजा २०० टक्के. वजा १० वरून वजा २० वर गेलं तर सूत्र म्हणतं १०० टक्के वाढ, आणि धरणात पाणी मात्र कमी झालेलं. पोरं म्हणतात सूत्र चुकलं. सूत्र बरोबर आहे, ते इथे लावायचं नव्हतं.

उजनीचा मृत साठा (तळाचं, वापरासाठी न धरलेलं पाणी) ६३.६६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आणि त्यावरचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. वर्तमानपत्रातली टक्केवारी उपयुक्त साठ्याची. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे. तेव्हाही त्यात ६३.६६ टीएमसी पाणी असतं, भरलेल्या धरणाच्या निम्म्याहून थोडं जास्तच. ते शून्य आपण सोयीसाठी एका पातळीला दिलेलं नाव आहे. म्हणूनच त्याच्या खाली उतरता येतं आणि आकडा वजा होतो. ज्या पट्टीवर वजा जाता येतं तिथल्या शून्याकडे आधी संशयाने पाहावं.

१० टक्क्यांना धरणात एकूण ६९.०२ टीएमसी, २० टक्क्यांना ७४.३७. 'उपयुक्त पाणी दुप्पट झालं' हे वाक्य खरं, 'धरणातलं पाणी दुप्पट झालं' हे खोटं. एकूण पाणी जेमतेम आठ टक्क्यांनी वाढलंय. मात्र फरकाचा हिशेब कुठेही बिघडत नाही. वजा ५० वरून वजा ४० असो, नाहीतर ८० वरून ९०, दोन्हीकडे ५.३६ टीएमसीच वाढले. अंतर सगळीकडे सारखं, शून्य सोयीचं. अंतरश्रेणीचं याहून चांगलं उदाहरण मला तरी पुस्तकात मिळालेलं नाही, आणि ते आपल्या नळाला येतं.

दुरुस्ती दोन तऱ्हेने होते. एक, वाढ टक्क्यांत न सांगता अंकांत सांगा: 'साठा १० अंकांनी वाढला'. दोन, टक्केवारीचे टीएमसी करा. टक्केवारीला ५३.५७ ने गुणा, १०० ने भागा, ६३.६६ मिळवा. वजा ५० टक्के असेल तर ३६.८८ टीएमसी. आता शून्य खरं झालं, गुणोत्तरं बोलू लागली, वाढीचं सूत्रही चालेल. प्रमाण विचलनाला सरासरीने भागून चढउतारांची तुलना करायची असेल तर हे रूपांतर केल्याशिवाय हात लावू नका. टक्केवारीची सरासरी शून्याजवळ आली तर तो भागाकार कुठेही उडतो.

तापमानाचं पुस्तकी उदाहरण यानंतर सोपं जातं. मे महिन्यातले ४२ अंश सेल्सियस हे २१ च्या दुप्पट गरम नव्हेत. तेच फॅरनहाइटमध्ये १०७.६ आणि ६९.८ होतात, आणि दुप्पट कुठल्या कुठे जातं. सोलापुरातूनच निघणाऱ्या दाते पंचांगावर शके आणि इसवी सन शेजारी शेजारी असतात, तिथेही तेच: दोन सालांमधलं अंतर दोन्हीकडे तेवढंच, भागाकाराला अर्थ कुठेच नाही.

पाणी रात्री येतं, सरासरी दुपारची

पाण्याच्याच प्रश्नावलीत 'नळाला पाणी किती वाजता येतं' असा प्रश्न असतो. एका घरी रात्री ११, दुसऱ्या घरी १. चोवीस तासांच्या घड्याळात २३ आणि १, सरासरी १२, म्हणजे भर दुपारी! घड्याळातली वेळ, आठवड्याचे वार, तिथी ही चक्राकार मोजमापं. त्यांत शेवटानंतर पुन्हा सुरुवात येते. स्टीव्हन्सच्या चार खणांत ती नीट बसत नाहीत, आणि परीक्षेला येत नाहीत म्हणून कुणी शिकवतही नाही. प्रकल्पापुरता तोडगा असा: पाणी कधीच येत नाही अशी वेळ निवडा आणि तिथपासून तास मोजा. दुपारी १२ पासून मोजलं तर ११ आणि १३, सरासरी १२ तास, म्हणजे मध्यरात्र. तेवढ्याने भागतं.

'किती दिवसांआड पाणी येतं' हा प्रश्न मात्र सरळ आहे. ती मोजलेली संख्या आहे, खंडित आहे (मधले अपूर्णांक नसतात), शून्य खरं आहे. तिथे पर्याय देऊ नका, आकडाच लिहून घ्या.

समाधानी, फार समाधानी आणि ३.७

'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' अशी पाच उत्तरं. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हापासून जगभर वापरतात आणि तेव्हापासून भांडतातही. या उत्तरांना १ ते ५ आकडे देऊन '३.७' अशी सरासरी काढावी की नाही?

माझं मत सांगतो. एकट्यादुकट्या प्रश्नाची सरासरी काढू नका. 'असहमत' ते 'तटस्थ' हे अंतर 'सहमत' ते 'पूर्ण सहमत' एवढंच आहे, असं त्या माणसाने तुम्हाला सांगितलेलं नाही. आणि समजा एका पेठेत सगळ्यांनी ३ दिले, दुसऱ्या पेठेत निम्म्यांनी १ आणि निम्म्यांनी ५. दोन्हीकडे सरासरी ३. पहिली पेठ थंड आहे, दुसरीत भांडण आहे. इथे मध्यकही (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) फसवतो, कारण १ आणि ५ च्या मध्ये पुन्हा ३ च. म्हणून आधी पाचही पर्यायांना किती टक्के ते दाखवा, मग मध्यक द्या. एकाच विषयावरचे आठ-दहा प्रश्न एकत्र करून बेरीज केली असेल तर त्या बेरजेची सरासरी लोक वापरतात, आणि मला त्यात फार वावगं वाटत नाही. फक्त उलट अर्थाची वाक्यं आधी उलटी करून घ्या. 'पाणीपुरवठ्याबद्दल मी समाधानी आहे' आणि 'पाण्यामुळे मला त्रास होतो' या दोन्हींचे ५ एकाच बेरजेत गेले तर दोघं एकमेकांना खाऊन टाकतात.

काही मार्गदर्शक ३.७ वर अडतात, काही चालवून घेतात. आपल्या मार्गदर्शकांचं मत आधी विचारून घ्या. अहवाल बांधून झाल्यावर या विषयावर वाद घालण्यात अर्थ नाही.

९९ वर्षांची तरुणाई

'माहिती नाही' ला ९९ असा संकेत देण्याची जुनी पद्धत आहे. ती चांगली आहे, पण संगणकाला सांगायला विसरलं की संपलं. समजा ५० विडी कामगार महिला, त्यांतल्या ४७ जणींच्या वयाची सरासरी ३०, आणि तिघींनी वय सांगितलं नाही. तिघींचे ९९ मिसळले की सरासरी ३४.१४. आकडा इतका साधा दिसतो की कुणाला शंका येत नाही. कोणत्याही रकान्याची सरासरी काढण्याआधी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत बघा. ९९, ९९९ किंवा ० दिसला तर एसपीएसएसच्या 'मिसिंग'मध्ये तो नोंदवा. एक्सेलमध्ये खोली रिकामी ठेवा. शून्य टाकू नका. 'उत्पन्न शून्य' आणि 'उत्पन्न सांगितलं नाही' या दोन वेगळ्या बायका आहेत.

विडीचा विषय निघालाय तर खंडित-अखंडितचंही उरकू. वळलेल्या विड्या मोजून होतात, साडेतीन विड्या नसतात, म्हणून चल खंडित. पण मजुरी हजार विड्यांमागे ठरते, आकडे शेकड्यांत आणि हजारांत जातात, तेव्हा व्यवहारात ते अखंडित समजून सरासरी, प्रमाण विचलन, आयतालेख (चिकटून असलेल्या खांबांचा आलेख) सगळं चालतं. उलट घरात यंत्रमाग किती, हेही खंडितच, पण किमती चार-सहाच. तिथे आयतालेख न काढता स्तंभालेख (सुट्या खांबांचा) काढा. वय मूळचं अखंडित, आपण मात्र जनगणनेसारखं पूर्ण झालेल्या वर्षांत लिहितो. शिवाय लोक ३५, ४०, ४५ असं गोल सांगतात. पाच आणि शून्यावर उंच खांब आले तर आलेख बिघडलेला नसतो, उत्तरं तशी असतात. जमलं तर जन्मसाल विचारा.

एक अपवाद, जो गोंधळात टाकतो

नामश्रेणीची सरासरी काढायची नाही हे एकदा पक्कं बसलं, की पुढच्या वर्षी कुणीतरी ०-१ असा रकाना दाखवतो आणि त्याची सरासरी काढतो, आणि ती बरोबर असते. घरी नळ नाही ०, आहे १. सरासरी ०.६४ आली तर ६४ टक्के घरांत नळ आहे. 'होय'ची संख्या भागिले एकूण, म्हणजे ते प्रमाणच झालं. लिंगाचे १ आणि २ केले म्हणून १.४१ आलं, ० आणि १ केले असते तर ०.४१, म्हणजे ४१ टक्के, आणि लगेच वाचता आलं असतं. तालुक्यांचंही याच मार्गाने होतं: समाश्रयणात (रिग्रेशन, म्हणजे काही चलांवरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं) घ्यायचे असतील तर ११ तालुक्यांसाठी ०-१ चे दहा रकाने करा. अकरावा करू नका. दहाही ठिकाणी शून्य असलं की तो अकरावाच.

माहिती गोळा होऊन गेली असेल तर

बारीक मोजमापाचं जाडं करता येतं, जाड्याचं बारीक होत नाही. नेमकं वय असेल तर गट कधीही पाडा. गटच घेतले असतील तर नेमकं वय गेलं ते गेलं. अशा वेळी पोरं गटाचे संकेत १, २, ३, ४ घेऊन त्यांची सरासरी २.५७ काढतात आणि 'सरासरी उत्पन्न मध्यम' असं लिहून मोकळी होतात. त्यापेक्षा गटांचा मध्यक काढा.

समजा १०० कुटुंबं. दरमहा ५,००० पर्यंत १८, ५,००० ते १०,००० मध्ये २७, १०,००० ते २०,००० मध्ये ३५, आणि २०,००० च्या वर २०. गटांची रुंदी सारखी नाही आणि शेवटचा गट वरून उघडा आहे, त्यामुळे त्याचा मध्य धरता येत नाही आणि सरासरी निघत नाही. कुणी सांगेल, शेवटच्या गटाला ३०,००० धरा. का ३०,०००, याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. मध्यक मात्र निघतो. पन्नासावं कुटुंब तिसऱ्या गटात येतं, कारण पहिल्या दोन गटांत मिळून ४५ झाली. म्हणून १०,००० अधिक, पाच भागिले ३५ गुणिले १०,०००. उत्तर सुमारे ११,४२९ रुपये. शेवटच्या गटात कुणी २२ हजारवाला असो की दोन लाखवाला, हे उत्तर हलत नाही. तोंडी परीक्षेत 'सरासरी का काढली नाही' असं विचारलं, तर त्या उघड्या गटावर बोट ठेवा.